सोडणाऱ्याला पान दाखवत न्हाईत

चहा घेणार का, एवढं विचारलं तरी भाऊ उत्तर द्यायला अर्धा मिनिट घ्यायचे. विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. चहामागे त्याचा काही बेत आहे की काय, असं वाटावं. चिक्की गुंडाळायला बसलेल्या बायका मग मोठ्याने आकडे मोजायला लागायच्या. पंचवीस-सव्वीसपर्यंत पोचल्या की भाऊ म्हणायचे, "घेतो अर्धा." बायका हसायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या.

भाजी घेताना, केस कापायला जायचं की नाही हे ठरवताना, सगळीकडे हाच प्रकार. एकदा औंढ्याकडे जाणारी वडापची, माणसं भरत जाणारी जीप त्यांच्यासमोर येऊन थांबली. ड्रायव्हर "चला भाऊ" म्हणाला. भाऊंनी आतल्या माणसांकडे बघितलं, टायरकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, तोवर जीप निघून गेली. घरापर्यंत चालत गेला हा माणूस. दुसऱ्या दिवशी मला सांगतात, "गर्दी हुती तशी."

भट्टीपाशी मात्र भाऊ वेगळेच. लोणावळ्याच्या बाजारामागे आमच्या मालकांची पत्र्याची शेड होती, पुढच्या अंगाला दुकान. तिथे भाऊ तीस वर्षं पाक करत होते. गूळ उकळत आला की त्याचा एक थेंब थंड पाण्याच्या वाटीत टाकायचा आणि बोटांनी मोडून बघायचा. चटकन मोडला तर पाक झाला. जरा उशीर झाला की गूळ करपतो, लवकर काढला तर चिक्की दाताला चिकटते. तिथे भाऊ थेंब मोडता मोडता "उतरवा" म्हणून ओरडायचे. मी होते तोवर त्यांची एक कढई वाया गेलेली मला आठवत नाही. इथे कसं पटकन ठरवता, असं मी एकदा विचारलंही होतं. "म्याडम," भाऊ म्हणाले, "पाक लबाडी करत न्हाई. मानसाचं तसं न्हाई."

म्याडम म्हणजे मी. आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर बिलं करायचे म्हणून म्याडम. मी तेवीस वर्षांची, भाऊ माझ्या वडिलांहून मोठे, पण मला त्यांनी कधी अगं-तुगं केलं नाही. आणि त्यांच्या मोबाईलमध्ये पोकर टाकून दिलं तेही मीच. माझ्या फोनवर त्या खेळाची जाहिरात सारखी यायची, ती भाऊंनी बघितली आणि चार दिवस विचार करून म्हणाले, "हे कसं खेळत्यात, सांगाल का?" औंढ्याच्या जत्रेत त्यांनी लहानपणी तीन पत्ती बघितली होती, पण त्यात नशीब लय आणि डोकं कमी, म्हणून ते कधी बसले नव्हते.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती ज्याची त्यालाच दिसतात. मधे सगळ्यांची मिळून पाच पानं उघडत जातात. कुणीतरी पैसे लावतो. तेवढे आपण भरायचे नाहीतर डाव सोडायचा. भरले तर शेवटी पानं उघडतात आणि ज्याची जुळणी मोठी तो जिंकतो. भाऊ सगळ्यात खालच्या टेबलावर बसायचे, एक-दोन रुपयांच्या. विचार करायला तिथे अर्धा मिनिट मिळतो आणि पानांभोवती हिरवी रेघ कमी कमी होत जाते. सगळे खेळणारे दोन सेकंदांत बटण दाबून मोकळे होतात. भाऊंना तो अर्धा मिनिट बघूनच हा खेळ आवडला असणार. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना हक्काने तेवढा वेळ देत होतं.

दुपारी एक ते दोन, जेवणाच्या सुट्टीत, शेडच्या मागच्या पायरीवर ते बसायचे. मोबाईल डब्याला टेकवलेला. स्वतःच्या पानांवर तळहात आडवा धरायचे. भाऊ, फोनमधले लोक तुमची पानं बघू शकत नाहीत, असं मी दहा वेळा सांगितलं. "असू द्या," म्हणायचे, आणि हात तसाच. बिचाऱ्या गुंडाळणीवरच्या मावशींना मान वाकडी करून बघावं लागायचं.

कारण हळूहळू त्या सगळ्या बायका खेळात शिरल्या होत्या. भाऊंच्या टेबलावर रोज एक पोपटाचं चित्र लावलेला खेळाडू यायचा. तो नेमका एक वाजता यायचा आणि दोनला जायचा, त्यावरून तो बँकेत असणार असं भाऊंनी ठरवलं होतं. मावशींच्या मते तो मास्तर होता. हा पोपट शांत बसायचा आणि एकदम एखाद्या डावात मोठी रक्कम लावायचा. मोठी म्हणजे तीस-चाळीस रुपये. मग भाऊंचा घास हातातच राहायचा.

एका दुपारी भाऊंच्या हातात दोन बादशाह आले. मधे उघडलेल्या पानांत एक्का पडला आणि पोपटाने चाळीस रुपये लावले. त्याच्याकडे अजून एक एक्का असेल तर भाऊ हरणार, नसेल तर बहुतेक भाऊच जिंकणार. हिरवी रेघ सरायला लागली.

"असंल वो एक्का," मावशी म्हणाल्या.

"काल बी असंच लावलंतं त्यानं," भाऊ पुटपुटले. "काल काय हुतं त्येच्याकडं?"

"काल तुमी सोडलातासा की. दिसलं कुटं?"

भाऊंनी डाव सोडला. पोपटाची दोन्ही पानं पालथीच्या पालथी नाहीशी झाली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत भाऊ प्रत्येकाला विचारत होते, पोपटाकडं काय असंल? दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकालाही त्यांनी विचारलं. मला वैताग आला. मी म्हटलं, "अहो भाऊ, चाळीस रुपये भरायचे आणि बघायचं. दोन प्लेट भज्यांचे पैसे!"

"पैशाचं न्हाई म्याडम. मी केलं ते बरोबर का चूक, ते कळाया पायजे का न्हाई?" मग जरा थांबून म्हणाले, "पर सोडणाऱ्याला पान दाखवत न्हाईत. नियम हाय त्यो."

मी हसले होते. मालकांकडे जाऊन नक्कलही करून दाखवली होती त्यांची. आता ते आठवलं की लाज वाटते.

त्या हिवाळ्यात वहिनी, म्हणजे भाऊंच्या घरच्या, आजारी पडल्या. खोकला म्हणता म्हणता न्यूमोनिया झाला आणि तळेगावच्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांना श्वासाच्या मशीनवर ठेवलं. मूलबाळ नव्हतं. डॉक्टर निम्मं इंग्रजीत बोलायचे, म्हणून भाऊंनी मला सोबत यायला सांगितलं आणि मालकांनी मला सोडलं. पैशाचा प्रश्न नव्हता, ते सरकारी योजनेत बसत होतं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर लोकांनी तसंही बोलून घेतलं.

शेजारच्या खाटेवर टाकवे बुद्रुकची एक बाई होती. वहिनींपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, आजार तोच, मशीनही तसंच. एकाच दिवशी दोघी तिथे आल्या होत्या, आणि मशीन लावायच्या आधी ती वहिनींशी आणि आमच्याशी बोललीही होती. बाहेरच्या बाकावर तिचा नवरा आणि भाऊ शेजारी शेजारी बसायचे. तो माणूस भलताच हट्टी. डॉक्टर बाहेर येऊन बोलायला लागले की हा हात जोडून म्हणायचा, "त्ये मला सांगू नका, तुमी तुमचं चालू ठेवा." आणि सरळ खाली जाऊन भजी खाऊन यायचा.

भाऊ बरोबर उलटे. ते डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारायचे. अशी शंभर माणसं आली तर किती वाचतात? डॉक्टर आधी टाळत होते. आठव्या दिवशी त्यांनी सांगितलं, पाच म्हणा. मी ते मराठीत सांगायची गरज नव्हती, भाऊंना आकडा कळला होता.

"आन त्या पाचातल्या किती आपल्या पायानं घरी जात्यात?"

डॉक्टर म्हणाले, तेही सगळे नाही.

टाकव्याच्या त्या माणसाकडे बघून भाऊ मला हळूच म्हणाले होते, "ह्यो पोकर खेळला तर दोन दिसात कंगाल व्हईल." हे मी विसरू शकत नाही. त्यांना खरंच त्याची कीव येत होती.

नवव्या दिवशी सकाळपासून ते बाकावर बसून होते. वहिनींच्या हाताला सुया टोचून टोचून काळं पडलं होतं. मला घरात मरायचंय, असं वहिनी कधीतरी बोलल्या होत्या, ते त्यांनी मला दोनदा सांगितलं. दुपारी त्यांनी विचारलं, "म्याडम, तुमी काय केलं असतं?"

मी म्हणाले, "तुम्ही ठरवाल ते बरोबरच असेल, भाऊ." किती सोयीचं उत्तर! मी त्यांना थांबा म्हणू शकले असते, किंवा घरी न्या म्हणू शकले असते. त्यातलं एक तरी म्हणायला पाहिजे होतं, म्हणजे निदान अर्धं ओझं माझ्या डोक्यावर आलं असतं.

मशीन काढून आमच्या जबाबदारीवर घरी नेतो, अशा कागदावर भाऊंनी सही केली. वहिनींना गाडीत ठेवताना टाकव्याच्या माणसाने एका बाजूने हात लावला. औंढ्याच्या घरी पोचल्यावर तासाभरात वहिनी गेल्या.

तेराव्यानंतर भाऊ कामावर आले. पाक पूर्वीसारखाच करत होते. दुपारी पायरीवर मोबाईलही लावला, पण आता ते डाव सोडेनात. हातात काहीही असो, कुणी कितीही लावो, ते भरायचे. विचार करायला पाच सेकंदही घेत नव्हते. महिन्याला दोनशे रुपयांवर न जाणारा माणूस दोन दिवसांत दोनशे घालवू लागला. मावशी म्हणाल्या, "आवो भाऊ, दुर्री-तिर्रीवर कशापायी भरता? हारणार तुमी."

"हारू द्या. बघायचं हाय."

आणि पोपटाची पानं उघडायला लागली. पहिल्या आठवड्यात तीन वेळा पोपटाने मोठी रक्कम लावली. त्यातल्या दोन वेळा त्याच्याकडे काहीच नव्हतं. नुसती भीती घालत होता. दुसऱ्यांदा ते दिसलं तेव्हा भाऊंनी मोबाईल पालथा ठेवला.

"इतके दिस मला भिववत हुता ह्यो," भाऊ म्हणाले. मग माझ्याकडे वळून, एकदम साध्या आवाजात, "डाक्टरला तरी नक्की काय म्हाईत असतंय वो?"

मी म्हणाले, भाऊ, तो खेळ आहे आणि ते डॉक्टर आहेत. भाऊंनी मान हलवली. त्यांना पटलं नव्हतं आणि मलाही ते नीट सांगता आलं नव्हतं.

असे सात-एक महिने गेले. मग पैसे लावून खेळायचे असले सगळे खेळ सरकारने बंद केले. एका दुपारी भाऊंनी खेळ उघडला तर टेबलच नाही, एक सूचना नुसती. मी वाचून दाखवली. लोकांचे संसार बुडत होते, चांगलंच झालं, असं आम्ही सगळ्याच म्हणालो. भाऊ बराच वेळ त्या सूचनेकडे बघत बसले. पुढे सवयीने रोज पायरीवर जायचे, डबा उघडायचे आणि निम्मा तसाच परत न्यायचे.

त्यानंतर काही दिवसांनी ते माझ्या खोलीच्या दारात आले. आत आले नाहीत. चौकटीला धरून म्हणाले, "म्याडम, त्या टाकव्याच्या बाईचं पुढं काय झालं वो?"

ती बाई जिवंत होती. मला दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं. माझी सख्खी मावशी टाकव्यातच दिलेली आहे. तिच्याकडे बारशाला गेले होते, तर ओटी भरायला आलेल्या बायकांत ही बसलेली. वाळली होती, घशात नळी घातल्यामुळे आवाज बसला होता, पण हसत होती. तिनेच मला ओळखलं आणि विचारलं, "तुमच्या त्या वैनी कशा हायेत?" मी सांगितलं तेव्हा डोळ्याला पदर लावून रडली.

आता दारात भाऊ उभे होते. आठ महिन्यांत निम्मे झालेले. मी कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "गेली ती पण. दोनच दिवसांनी गेली म्हणे."

"बरं झालं," भाऊ म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि त्यांनी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. जोरात. मी उठून उभी राहिले. भाऊंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. "काय बोललो मी? कुणाची बाईल मेली आन मी बरं झालं म्हणालो? जीभ झडंल माझी."

मला वाटलं, रडू दे. रडून मोकळे होतील आणि विषय संपेल. पण डोळे पुसून भाऊ म्हणाले, "मंगळवारी टाकव्याला जाऊन येतो. तोंड दाखवाया पायजे."

खोटं बोलताना मी एवढंच विसरले होते. मी याच मावळातली. मयताची बातमी कितीही उशिरा कळली तरी त्या घरी जाऊन घटकाभर बसून यावं लागतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि अशा कामाला आधी फोन करून कुणी जात नाही.

"आता आठ महिने झाले, भाऊ. कशाला जुनं उकरायचं?"

"आठ म्हैनं गेलो न्हाई हीच लाज हाय. नऊ दिस एका बाकावर बसलो आमी. हिला गाडीत ठेवताना त्यानं हात लावलाता."

तो शुक्रवार होता. मंगळवारची सुट्टी यायला मधे तीन दिवस होते. तीन दिवस मी त्यांना भट्टीपाशी बघत होते. सांगायचं ठरवून दोनदा शेडच्या दारापर्यंत गेले. सोमवारी संध्याकाळी ते पिशवी घेऊन निघाले तेव्हा "भाऊ" म्हणून हाकही मारली. ते वळले. मी म्हणाले, "जपून जा." कान्हे फाट्यापर्यंत रेल्वेने जाईन, पुढे सहा आसनी रिक्षा मिळेल, असं त्यांनी मला सांगितलं.

बुधवारी ते वेळेवर कामावर आले. सकाळच्या चार कढया उतरवल्या. मी एकही बिल धड केलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या खोलीत आले आणि पहिल्यांदाच समोरच्या खुर्चीवर बसले.

"अंगणात मिरच्या वाळत घातल्यात्या तिनं," ते म्हणाले. "मी टोपी नीट केली, चप्पल काढली, आन ह्या तोंडानं आत जायचं कसं म्हणून उभा ऱ्हायलो. तर तीच आली भाईर. या भाऊ, म्हणाली."

मी कीबोर्ड बाजूला सारला.

"त्यो शेतावर गेलता. तिनं बोलावून घेतलं. दोघांस्नी वाटलं मी असाच भेटाया आलो. मी बी तसंच म्हणालो. हिकडं काम हुतं, म्हणलं बघून जावं. जेवल्याबिगर सोडंनात. भाकरी थापून वाढली तिनं."

"जेवलात?"

"जेवलो की. न्हाई कसं म्हणणार?" त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मशीन किती दिस हुतं, म्हणून इचारलं. बारा दिस, म्हणाली. बाराव्या दिशी तिनं डोळं उघडलं. आमी नवव्या दिशी निघालो हुतो."

"भाऊ, माझं चुकलं. मी तुमच्यासाठीच..."

"ऱ्हाऊ द्या. तुमी वाईट इचारानं बोलला न्हाई." ते हे खरंच मनापासून म्हणाले, आणि म्हणूनच मला जास्त लागलं. मी वहिनींचं सांगायचा प्रयत्न केला. त्यांचं वय जास्त होतं, त्यांचं हृदय आधीपासून कमजोर होतं, तीन दिवस अजून ठेवलं असतं तरी तेच झालं असतं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. भाऊ ऐकत होते.

मग म्हणाले, "पोरी, एक इचारतो. खरं सांग." त्यांनी मला पोरी म्हटलं ते त्या एकाच दिवशी. "ती मेली ऐकलं तवा मला बरं वाटलं. काल जित्ती बघितली तर आनंद झाला न्हाई. ती भाकरी वाढत हुती आन माझ्या मनात येत हुतं, हीच का? मी वाईट माणूस हाय का गं?"

"नाही," मी म्हणाले. "नाही, भाऊ. तुम्ही वाईट नाही."

आयुष्यात इतकं खरं मी कधी बोलले नसेन. भाऊ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. माझी नजर, माझे ओठ, सगळं बघत राहिले. मी डोळे हलवले नाहीत. पण याच खोलीत, याच खुर्चीवर बसून मी त्यांना ती बाई गेली म्हणून सांगितलं होतं, आणि तेही त्यांनी खरं धरलं होतं.

"बरं," ते म्हणाले, आणि टोपी घालून भट्टीकडे गेले.